मदतीचा पैसा कोणाचा?

गरिबाच्या हातावर पैसा ठेवला की ठेवणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो: हा याचे करील काय? चर्चच्या पायरीवर किंवा देवळाच्या दारात नाणे टाकणारा हा प्रश्न मनातल्या मनात विचारतो. सरकार तोच प्रश्न कायद्यात लिहिते, आणि मग त्याला कलमे, नियम व शिक्षा येऊन चिकटतात. सरकारी साहाय्य घेणाऱ्याने ते कशावर खर्च करावे हे ठरविण्याचा अधिकार सरकारला असावा काय, आणि असल्यास कोठवर, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. गोव्यात 2012 पासून गृह आधार योजना चालू झाली. मध्य प्रदेशात 2023 साली लाडली बहना आली, त्याच वर्षी कर्नाटकात गृहलक्ष्मी आली आणि 2024 साली महाराष्ट्रात लाडकी बहीण आली. या सर्वांत पैसा थेट बाईच्या बँकेच्या खात्यात जमा होतो, आणि तो कशावर खर्चावा याचे बंधन तिच्यावर नाही. आता बसमध्ये, बाजारात, शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा एक उद्गार कानांवर येतो: "रोख पैसे कशाला? धान्य द्या, पुस्तके द्या; पैसा हातात गेला की गुत्त्यात गेला." हे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांतील कित्येकांनी दारूपायी बुडालेली घरे डोळ्यांनी पाहिलेली असतात. म्हणूनच हे म्हणणे झिडकारून न टाकता, जेथे जेथे अशी बंधने घालून पाहण्यात आली तेथे काय घडले, हे शांतपणे तपासून पाहणे बरे.

प्रारंभ इंग्लंडपासून करू. त्या देशात 1697 साली असा कायदा झाला की, ज्यांचे पोट गावाच्या धर्मादाय निधीवर चालते त्यांनी उजव्या बाहीच्या खांद्यावर तांबड्या किंवा निळ्या कापडाचे एक मोठे अक्षर शिवून घ्यावे. ते अक्षर 'पी', म्हणजे 'पॉपर', म्हणजे कंगाल. आणि त्याच्या जोडीला गावाच्या नावाचे आद्याक्षर. नवऱ्याने, बायकोने, मुलांनी, सर्वांनी ते मिरवावयाचे. हा कायदा 1810 पर्यंत पुस्तकात राहिला. त्या बिल्ल्याने गरिबाच्या खर्चावर बंधन घातले नव्हते. परंतु मदत घेणाऱ्याला चारचौघांत ओळखता आले पाहिजे, ही जी कल्पना त्याच्या मुळाशी होती, ती कापडाच्या तुकड्याबरोबर नाहीशी झाली नाही. पुढे ती निराळ्या रूपांत पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसते.

आता अमेरिकेकडे वळू. 1939 सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या शहरी अन्नाच्या तिकिटांची एक योजना सुरू झाली. मदतीवर असलेल्या कुटुंबाने एक डॉलर भरून नारिंगी रंगाची तिकिटे घ्यावयाची. त्यांवर दुकानातील नेहमीचा किराणा मिळे. त्या प्रत्येक डॉलरमागे सरकार पन्नास सेंटांची निळी तिकिटे फुकट देई. मात्र निळ्या तिकिटांवर, सरकारच्या शेतीखात्याने जो माल 'शिल्लक' म्हणून जाहीर केला असेल तोच मिळे. त्या काळी शेतमालाचे भाव कोसळले होते. कोठारे भरलेली होती, आणि त्याच शहरांतून माणसे उपाशी होती. निळ्या तिकिटाने दोन्ही टोके जोडली. ही युक्ती खरोखर कौतुकास्पद होती यात शंका नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गरिबाने काय खावे हे येथे ठरले ते त्याच्या प्रकृतीकडे पाहून नव्हे. शेतकऱ्याकडे काय उरले आहे ते पाहून ठरले. बंधन गरिबावर आणि त्यात सोय मात्र दुसऱ्याचीही, असा हा मामला होता. महायुद्धात माल शिल्लक राहीनासा झाला, बेकारीही ओसरली, आणि 1943 साली योजना बंद पडली.

1961 साली अध्यक्ष केनेडींनी तिला पुन्हा चालना दिली आणि वेस्ट व्हर्जिनियातील मॅक्डॉवेल या कोळशाच्या खाणींच्या जिल्ह्यात प्रथम कुपने वाटली गेली. 1964 साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने तिचा कायदा झाला. या कायद्याची चर्चा चालू असताना जो वाद झाला तो आजही संपलेला नाही. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात साखरेची फसफसणारी थंड पेये आणि चैनीचे खाद्यपदार्थ यांना मज्जाव होता. पण चैनीचा पदार्थ कोणता आणि गरजेचा कोणता, याची यादी करणार कोण, आणि दुकानदाराने ती पाळली की नाही हे पाहणार कोण, या अडचणीपुढे ती तरतूद गळाली. अखेर दारू, तंबाखू आणि परदेशी म्हणून ओळखू येणारे खाद्यपदार्थ एवढेच वगळण्यात आले. यांतील शेवटची अट पुन्हा देशी उत्पादकांच्या सोयीची होती, हे सांगावयास नकोच.

आज ही योजना निराळ्या नावाने, कुपनांऐवजी कार्डावर चालते, आणि 2024 साली दरमहा सुमारे चार कोटींहून अधिक माणसे तिचा लाभ घेत होती. तिच्या नियमांत काही चमत्कारिक गोष्टी आहेत. दुकानात भाजलेली कोंबडी थंड करून ठेवलेली असेल तर कार्डावर मिळते. तीच ऊन असेल तर सामान्यतः मिळत नाही. साबण मिळत नाही, औषध मिळत नाही, तान्ह्या मुलाचे लंगोटही मिळत नाहीत. ज्याच्या घरी चूल नाही, जो दिवसभर दोन ठिकाणी राबून रात्री घरी येतो, त्याला ऊन घास नाकारण्यात कोणते हित साधले जाते, हे समजणे कठीण आहे.

थंड पेयांचा वाद मात्र पुन्हा पेटला. 2010 साली न्यूयॉर्क शहराचे महापौर ब्लूमबर्ग यांनी, आमच्या शहरात कार्डावर ही पेये देऊ नयेत, अशी परवानगी केंद्र सरकारकडे मागितली. ती 2011 साली नाकारण्यात आली. 2025 साली वारे फिरले. नेब्रास्का राज्याला अशी परवानगी प्रथम मिळाली, आणि 1 जानेवारी 2026 पासून नेब्रास्का, आयोवा, इंडियाना, युटा व वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत अशी बंधने अमलात आली. 1961 साली ज्या राज्यात पहिले कुपन फाटले तेच वेस्ट व्हर्जिनिया या यादीत असावे, हा योगायोग मनात राहतो. यादी करण्याची जुनी अडचणही बरोबर आली. आयोवाने विक्रीकराच्या व्याख्यांचा आधार घेतला, आणि त्या व्याख्येप्रमाणे ज्या गोळीत वा वडीत पीठ आहे ती 'मिठाई' ठरत नाही. म्हणजे एक चॉकलेट निषिद्ध आणि त्याच्या शेजारचे, आत बिस्किट असलेले चॉकलेट मात्र ग्राह्य! मुलाच्या दातांना हा भेद कळत असेल असे वाटत नाही.

आता बंधनांच्या बाजूने जे बोलले जाते ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. पैसा करदात्याचा आहे. तो पोषणासाठी म्हणून दिला आहे. मग पोषण नसलेल्या साखरपाण्यावर तो का जावा? शिवाय त्या साखरेने जडणाऱ्या रोगांचा खर्चही पुन्हा सरकारवरच येतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण त्याच देशाच्या शेतीखात्याने 2016 साली एक अहवाल प्रसिद्ध केला. एका मोठ्या दुकान-साखळीतील विक्रीच्या नोंदींवरून, साहाय्य घेणारी कुटुंबे आणि न घेणारी कुटुंबे काय विकत घेतात, याची तुलना त्यात होती. थंड पेयांवर साहाय्य घेणारांचा शेकडा सुमारे 5 आणि इतरांचा शेकडा 4 एवढा खर्च होता. गोड पेये, मिठाया, खारे पदार्थ आणि साखर मिळून दोन्ही घरांत रुपयातले सुमारे वीस पैसे जात होते. सारांश, जी खोड गरिबाची म्हणून दाखविली जाते ती साऱ्या देशाची खोड आहे. श्रीमंताच्या टोपलीत ती दिसली तर आवड ठरते, आणि गरिबाच्या टोपलीत दिसली की दोष ठरतो.

आणखी एक साधी हिशेबाची गोष्ट आहे. ज्या बाईजवळ कुपनाचे शंभर आणि स्वतःच्या मजुरीचे शंभर आहेत, ती कुपनावर पीठ घेईल आणि मजुरीतून ते पेय घेईल. बंदीने खर्च बदलत नाही. फक्त कोणत्या पाकिटातून तो होतो ते बदलते. ज्याच्याजवळ मजुरीही नाही, अगदी निःसंग आहे, त्यालाच बंदी खऱ्या अर्थाने बांधते. म्हणजे जो सर्वांत दुबळा त्याच्यावरच बंधनाचा सारा भार पडतो.

अमेरिकेतील बंधन अन्नापुरते होते. ऑस्ट्रेलियाने ते साऱ्या मिळकतीवर घालून पाहिले. 2007 सालच्या जून महिन्यात तेथील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील आदिवासी वस्त्यांत मुलांवर होणाऱ्या अत्याचारांविषयीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचून कोणाचेही काळीज हलावे असाच होता. त्यापाठोपाठ पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने 73 वस्त्यांत एक तातडीची योजना लागू केली. साहाय्य घेणाऱ्या प्रत्येकाच्या रकमेचा अर्धा भाग अडकवून ठेवावयाचा, आणि तो अन्न, कपडे, घरभाडे अशा ठरलेल्या गरजांवरच खर्चू द्यावयाचा. दारू, तंबाखू, जुगार यांना त्यातून पैसा नाही. हे करण्यासाठी त्या देशाचा वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता स्थगित करावा लागला, आणि यातच त्या योजनेचे वर्म उघडे पडते. ज्याने मुलांची आबाळ केली त्यालाही बंधन, आणि जी आजी पै न् पै जपून नातवंडे वाढवीत होती तिलाही तेच बंधन. अमुक वस्तीत राहतो एवढाच अपराध!

2016 साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील सेडुना आणि पश्चिमेकडील पूर्व किंबर्ली या भागांत बँकेच्या कार्डाचा नवा प्रयोग सुरू झाला. कामाच्या वयाच्या बहुतेक साहाय्यधारकांच्या रकमेचे शेकडा ऐंशी या कार्डावर जात. त्यातून रोख काढता येत नसे, दारू घेता येत नसे, जुगार खेळता येत नसे. काही स्थानिक आदिवासी पुढाऱ्यांनी प्रारंभी या प्रयोगाला संमती दिली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण व्यवहारात काय होते? जुन्या बाजारातून वापरलेली सायकल घ्यावयाची तर विकणारा रोख मागतो. शाळेच्या जत्रेत मुलाला दोन नाणी द्यावयाची तर ती कोठून आणावी? गरीब माणूस काटकसर करतो ती मुख्यतः रोखीच्या बळावर. सुटे, वापरलेले, घासाघीस करून मिळालेले असे तो घेतो. कार्डाने नेमकी ती वाट अडविली. आणि दुकानात ते कार्ड पुढे केले की मागे उभ्या असलेल्यांना कळावयाचे ते कळतच असे. बाहीवरचे ते जुने अक्षर येथे खिशातून बाहेर निघाले म्हणावयाचे.

एवढे करून फळ काय मिळाले? नॉर्दर्न टेरिटरीतील योजनेची तपासणी करून न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली असा निष्कर्ष काढला की, योजनेची मोठी उद्दिष्टे साध्य झाल्याचा भरीव पुरावा दिसत नाही. कार्डाच्या प्रयोगासंबंधी त्या देशाच्या राष्ट्रीय हिशेब-तपासनीस कार्यालयाने 2018 साली सांगितले की, देखरेख आणि मोजमाप इतके अपुरे होते की सामाजिक अनिष्टे कमी झाली की नाही हे सांगणेच कठीण. 2022 साली संसदेने ते कार्ड रद्द करण्याचा कायदा केला आणि 2023 च्या मार्चमध्ये ते बंद झाले. नॉर्दर्न टेरिटरीत मात्र निराळ्या कार्डाखाली सक्तीचे निर्बंध त्यानंतरही चालू राहिले.

त्याच देशात एक निराळा प्रयत्नही झाला, आणि मला तो सर्वांत उद्बोधक वाटतो. उत्तरेकडील केप यॉर्क या भागातील ऑरुकून, कोएन, होप व्हेल आणि मॉसमन गॉर्ज या चार वस्त्यांत 2008 साली एक कुटुंब-जबाबदारी आयोग नेमण्यात आला. मूल शाळेत येत नाही, आबाळीची तक्रार आहे, न्यायालयात शिक्षा झाली आहे, अशी खबर आली की आयोग त्या माणसाला बोलावतो. समोर बसलेले आयुक्त त्याच वस्तीतील वडीलधारी माणसे असतात. ती प्रथम बोलतात, ऐकून घेतात, व्यसनमुक्तीच्या किंवा मुलांच्या संगोपनाच्या सोयीकडे पाठवितात. आणि एवढ्याने भागले नाही तरच ठरावीक मुदतीपुरता त्याच्या रकमेचा काही भाग बांधून टाकतात. येथेही बंधन आहे. पण ते माणसाचे नाव घेऊन आहे, कारण सांगून आहे, त्याचे म्हणणे ऐकून आहे, आणि त्याला शेवट आहे. जातीला, वस्तीला किंवा गरिबीला शिक्षा करणे वेगळे; आणि चुकलेल्या माणसाला त्याच्याच वडीलधाऱ्यांनी आवर घालणे वेगळे.

आता पुन्हा आपल्या घराकडे येऊ. रोख पैसा गुत्त्यात जातो, या समजुतीची कसोटी इंदूरपासून जवळच लागलेली आहे. 2011 साली सेवा या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने इंदूर जिल्ह्यातील आठ खेड्यांत सुमारे दीड वर्ष एक प्रयोग केला. प्रत्येक प्रौढाला दरमहा 200 रुपये आणि प्रत्येक मुलामागे 100 रुपये, पुढे वाढवून 300 व 150. मुलांचा पैसा आईच्या हाती. अट कोणतीही नाही. तशाच इतर बारा खेड्यांत काहीही न देता दोहोंची तुलना करण्यात आली. लोकांनी खाणे सुधारले, बी-बियाणे व शेळ्या-कोंबड्या घेतल्या, सावकाराचे देणे हलके केले, आणि मुलांच्या, विशेषतः मोठ्या मुलींच्या, शाळेवर अधिक खर्च केला. दारूवरचा खर्च वाढल्याचा पुरावा आढळला नाही. एक प्रयोग म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मान्य. पण 2014 साली जागतिक बँकेच्या दोघा संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील 19 अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांतही रोख साहाय्यामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असे जवळजवळ कोठेच दिसले नाही.

याचा अर्थ रोख तेवढी चांगली आणि वस्तू वाईट, असा मात्र कोणी करू नये. 2023 च्या जुलैत कर्नाटक सरकारला अन्नभाग्य योजनेसाठी जादा तांदूळ मिळेना, तेव्हा त्याने माणशी पाच किलो तांदळाऐवजी किलोला 34 रुपये या हिशेबाने 170 रुपये खात्यात जमा करावयास आरंभ केला. पण बाजारभाव वाढला की 170 रुपयांत पाच किलो येत नाहीत. तांदूळ मात्र भाव कितीही चढला तरी पाच किलोच राहतो. 2025 साली पुन्हा तांदूळ देण्यात येऊ लागला. आमच्या शाळांतील माध्याह्न भोजनही असेच आहे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा हुकूम केला, तेव्हापासून कितीतरी मुले दुपारच्या ताटासाठी का होईना वर्गात टिकली. सर्व मुले एकाच पंगतीत बसतात. तेथे कोणी कोणाचे कार्ड पाहत नाही. काय द्यावे हे ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याला आहेच. पण एकदा दिलेल्या पैशामागे पहारेकरी धाडणे, ही निराळी गोष्ट होय.

हा भेद आजच समजून घेण्याचे कारण आहे. बाहीवर अक्षर शिवण्यास शिंपी लागत होता, कुपनाला छापखाना लागत होता. यापुढे काहीच लागणार नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे ई-रुपी नावाचे एक साधन सुरू झाले. ज्या कामासाठी ते दिले त्याच कामासाठी ते चालते. 2024 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने आपल्या डिजिटल रुपयातही, तो अमुकच गोष्टीवर खर्चता यावा, अशी सोय आणण्याचे जाहीर केले. इस्पितळाच्या बिलासाठी किंवा लसीसाठी हे साधन उपयुक्तच आहे. परंतु ज्या दिवशी एखाद्या कचेरीतील बटण दाबून लाखो बायकांच्या दूध, चहा आणि बांगड्यांची यादी ठरविता येईल, त्या दिवशी तसे करण्याचा मोह कोणत्याही सरकाराला आवरणे कठीण जाईल.

म्हणून असे बंधन पुढे आले की नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला: यात हित खरोखर घेणाऱ्याचे आहे, की शिल्लक मालाचे आणि दुकानदाराचे? दुसरा: हे बंधन एका माणसाच्या वागणुकीवरून, त्याचे ऐकून घेऊन घातले आहे, की तो गरीब आहे एवढ्यावरून? आणि तिसरा: ते पाळताना त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागते काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली तर बंधनाला विरोध करण्याचे कारण नाही. न आली, तर ते कितीही गोड शब्दांत सांगितले तरी साहाय्य नव्हे.

कारण वस्तुतः माणूस जबाबदार होतो तो त्याच्यावर काही सोपविल्याने. वर्गात ज्या मुलाच्या हाती खडूची पेटी कधी दिलीच नाही, त्याच्याकडून खडू जपून वापरण्याची अपेक्षा कशी करावी? महिनाअखेरचे शंभर रुपये तेलावर घालावेत की वहीवर, हा निर्णय घेताना ती माउली जी तारेवरची कसरत करते, ती बाहेरच्या कोणत्याही अधिकाऱ्याला तिच्याहून चांगली जमणार नाही. तिचा निर्णय एखादे वेळी चुकेलही. आपले निर्णय चुकतात, तेव्हा आपल्या पगाराचे शेकडा ऐंशी कोणी अडकवून ठेवीत नाही. मग तो न्याय तिलाही लागू असावा, एवढेच मागणे आहे.